मागून बसवलेली गाडी

जुनी स्पोर्ट्स गाडी कशी घ्यावी आणि घेतल्यावर तिच्यात काय काय बदल करावेत, या विषयावर अधिकारवाणीने बोलू शकेल असा मनुष्य अख्ख्या काशीत एकच होता. ते म्हणजे दूधविनायकावरचे ढुंढिराजमामा. मामा कॉलेजात संस्कृत व्याकरण शिकवत आणि राहत त्या गल्लीत सायकलसुद्धा हातात धरून न्यावी लागे. पण त्यामुळेच, मामांच्या मते, गाड्यांबद्दलचं त्यांचं मत निःपक्षपाती होतं.

त्यांचा भाचा देवव्रत बँकेत नोकरीला होता आणि त्याचं लग्न ठरत आलं होतं. पुण्याच्या नीरजाला तो पसंत होता. अडलं होतं ते तिच्या आईपाशी. प्रेमलाकाकू स्वतः येऊन घर बघणार होत्या आणि मगच हो किंवा नाही म्हणणार होत्या.

“घराच्या आधी त्यांना गाडी दिसली पाहिजे,” मामा म्हणाले.

“मग एखादी साधी चार दारांची घेऊ या ना, मामा.”

“साध्या गाडीनं होकार मिळत नाही, बेटा. साध्या गाडीनं ‘कळवतो’ मिळतं.”

म्हणून दोन दारांची जर्मन गाडी बघितली गेली. दिल्लीत वयाच्या नियमात बसेना, म्हणून ती काशीला आली होती. यात काशीकरांना काही नवल वाटलं नाही. म्हातारपणी सगळे इथेच येतात.

“इंजिन बघू या का?” देवव्रतने विचारलं.

“इंजिन कोण बघतं? मालक बघायचा. इंजिन मालकावर जातं.”

मालक टापटीप होता. गाडी घेतली. मग मामांनी सायलेन्सर बदलायला लावला, कारण गाडीचा आवाज खर्जातच हवा असं त्यांचं म्हणणं होतं. राहिली मागची सीट. ती हलत होती.

“काकूंना पुढेच बसवतो,” देवव्रत म्हणाला.

“पाहुण्यांना पुढे? मानाची माणसं मागे बसतात. पुढे ड्रायव्हर बसतो. तू ऑफिसला जा, मिस्त्रीशी मी बोलतो.”

आणि मामा बोलले. “मिस्त्रीजी, पीछे का ठीक से बैठा दीजिए.”

“कितना बैठा दें, गुरुजी?”

“जितना बैठ सके.”

मिस्त्रीने एकदा गाडीकडे आणि एकदा मामांच्या शेंडीकडे बघितलं. “रोड पर दिक्कत होगी.”

“दिक्कत तो अभी है. हिल रहा है. ऐसा बैठाइए कि फिर उठे नहीं.”

मराठी माणूस सीट बसवतो, नळ बसवतो, गणपती बसवतो. त्या हिशेबाने मामांच्या वाक्यात काही खोट नव्हती. पण गाड्या सजवणाऱ्या मंडळींत गाडी ‘बैठाना’ म्हणजे स्प्रिंगा कापून तिला जमिनीलगत आणणं. मिस्त्रीने सांगितलेलं काम मनापासून केलं.

काकू यायच्या त्याच दिवशी सकाळी गाडी ताब्यात मिळाली. नाक वर, मागचा भाग खाली. पोळीची वाट बघत बसलेल्या कुत्र्यासारखी. सीट अजून हलत होती.

“मामा, ही बसलीय.”

“स्पोर्ट्स गाडी आहे. ती उडी मारायच्या तयारीत दिसायलाच पाहिजे. चल, ट्रेनचा टाइम झाला.”

कँट स्टेशनवर प्रेमलाकाकूंना पुढची सीट दुमडून, थोडं वाकवून, थोडं वळवून मागे पोचवण्यात आलं. गाडी निघाली.

“देवव्रत, मला फक्त आभाळ दिसतंय,” मागून आवाज आला.

“मुद्दामच तसं करून घेतलंय, प्रेमलाताई,” मामा म्हणाले. “रस्त्यात बघण्यासारखं काही नाही.”

कबीरचौऱ्याच्या गतिरोधकावरून पुढची चाकं गेली. मग गाडी त्याच्यावर पोटाने टेकली आणि थांबली. देवव्रतने एक्सिलरेटर दाबला. खर्ज उत्तम लागला. गाडी हलली नाही.

“का गुरू,” पानवाल्याने चुना लावता लावता विचारलं, “गाड़ी बइठ गइल?”

ते क्रियापद ऐकलं आणि मिस्त्रीला आपण नेमकं काय सांगितलं होतं ते मामांच्या लक्षात आलं. बोलून दाखवण्यासारखं ते नव्हतं. दोघं खाली उतरले.

“मला हात द्या,” काकू आतून म्हणाल्या. देवव्रतने हात दिला आणि ओढला. “थांब. सीटसकट येतेय मी.”

तेवढ्यात आठ-दहा माणसं पुढे झाली. कोणी काही विचारलं नाही. गमछे कमरेला बांधले, गाडीचे चारही कोपरे धरले आणि काकूंसकट गाडी उचलून कडेला न्यायला सुरुवात केली. आता काशीत चार बाजूंनी जड काही उचलून पावलाला पाऊल मिळालं की जीभ आपोआप चालू लागते. सर्वांत पुढचा सवयीने म्हणाला, “राम नाम सत्य है.” बाकीच्यांनी तितक्याच सवयीने साथ दिली. पानवाल्याने हात जोडले. समोरून येणारा रिक्षावाला अदबीने बाजूला झाला.

“अहो,” आतून काकूंचा शांत आवाज आला, “मी आहे अजून.”

“मनावर घेऊ नका, ताई,” मामा खिडकीबरोबर चालत म्हणाले. “इथं सगळ्यांसाठीच म्हणतात.”

गाडी कडेला टेकली. त्याच माणसांनी काकूंना बाहेर काढलं. पुढे मैदागिनपर्यंत रिक्षा आणि तिथून गल्ल्यागल्ल्यांतून पायी असा प्रवास झाला. देवव्रतने मनातल्या मनात नीरजाचा निरोप घेतला. मामांनासुद्धा सल्ला सुचत नव्हता, आणि असं पूर्वी कधी झालेलं नव्हतं.

घरी काकूंनी चहा संपवला, कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, “माझ्याकडून हो समजा.”

देवव्रत म्हणाला, “काकू, पण गाडी...”

“गाडी विकून टाक. पुण्यात माझी गाडी बंद पडली तेव्हा लोक बाजूनं हॉर्न वाजवत निघून गेले. इथं हाक मारावी लागली नाही. कोण कुठली मी, आणि एवढी माणसं धावून आली. अशा गावात मुलगी द्यायला मला काळजी नाही.”

“काशीचा स्वभावच तसा आहे, ताई,” मामा म्हणाले, आणि त्यांचा आवाज पूर्ववत झाला. “आता जुनी गाडी विकायची कशी, ते मी सांगतो.”

ती आठ-दहा माणसं खरं तर गाडीच्या मागे रस्त्यात खोळंबली होती, आणि गाडी उचलल्याशिवाय त्यांना पुढे जाता येत नव्हतं.