नागसेनरावांची गोल्ड मेंबरशिप

नागसेन कांबळे यांना कोल्हापुरात एक रात्र हॉटेलात काढायची होती, आणि तीही स्वतःचा कळंब्यातला फ्लॅट धडधाकट उभा असताना. घरात रंगकाम निघालं नव्हतं, नळाचं पाणी गेलं नव्हतं की कुणाशी भांडणही झालं नव्हतं. भांडायला घरात माणूस तरी पाहिजे! बायको जाऊन दोन वर्षं झाली होती, मुलगी मनाली बंगळुरात होती, आणि दिवाळीच्या सुमारास पंपाच्या कंपनीने नारळ-शाल देऊन नागसेनरावांना घरी पाठवलं होतं.

भानगड होती एका कार्डाची. सगळी नोकरी फिरतीची. हुबळी, नांदेड, नागपूर, जिथे पंप बिघडेल तिथे नागसेनराव. मुक्काम ठरलेला, 'निवांत' हॉटेलात. इतके मुक्काम झाले की निवांतवाल्यांनी त्यांना गोल्ड मेंबर करून टाकलं. आता गोल्ड मेंबरला असं काय मोठं मिळतं म्हणाल, तर खोलीत फळांची बशी मिळते, उशीवर नाव लिहिलेली चिठ्ठी मिळते. त्याचं नागसेनरावांना काही नव्हतं. पण सकाळी खोलीतला फोन वाजतो आणि पलीकडून कुणीतरी विचारतं, "नागसेन सर, झोप लागली का?" बायको होती तेव्हा त्यांना ही कटकट वाटायची. आता घरी सकाळी कुकरसुद्धा शिट्टी मारत नव्हता, कारण एका माणसासाठी कुकर लावतो कोण? झोप लागली का, हे विचारणारं जगात एकच ठिकाण उरलं होतं, आणि मार्चअखेर वर्षाच्या ठरलेल्या मुक्कामांत एक कमी पडला तर तेही हातचं जाणार होतं. लांबच्या गावी जायला गुडघा तयार नव्हता. म्हणून कोल्हापूर.

कोल्हापुरात निवांतची दोन हॉटेलं. एक स्टेशनजवळ, दुसरं हायवेला. नागसेनरावांनी दोन्हीकडे फोन लावला आणि पोरीला स्थळ बघावं तशी चौकशी सुरू केली.

"सर, आमच्याकडे स्विमिंग पूल आहे," हायवेवाली म्हणाली.

"मी कुरुंदवाडचा. कृष्णेत पोहलेला माणूस तुमच्या टाकीत काय करू?"

"मग काठाला बसून चहा घ्या, सर."

स्टेशनवालीने सांगितलं की त्यांच्याकडे नाश्त्याला मिसळ असते. नागसेनराव म्हणाले, विचार करून सांगतो. दुसऱ्या दिवशी दोघींचे फोन आले, "सर, तुमचं ठरलं का?" नागसेनरावांना इतकं बरं वाटलं की त्यांनी पुन्हा विचार करायला वेळ घेतला. खरं सांगायचं तर हॉटेल त्यांनी पहिल्याच दिवशी ठरवलं होतं. स्टेशनजवळ अर्धं कोल्हापूर ओळखीचं, म्हणजे हायवेच बरं. पण ठरलं म्हणून सांगितलं की फोन बंद होणार. त्यामुळे आठवडाभर हा माणूस दोन हॉटेलांना झुलवत राहिला, आणि मार्चची शेवटची तारीख उंबऱ्यात येऊन उभी राहिली तेव्हा कुठे त्याने हायवेला होकार कळवला.

बॅग घेऊन दुपारी जिना उतरतात न उतरतात तोच खाली जोतीराम भेटला. जोतीराम तळमजल्यावरचा, दूध संघातून निवृत्त झालेला आणि दुसऱ्याच्या कामात हयगय न करणारा माणूस.

"काय साहेब, कुठं निघालासा?"

घरापासून पाच-सात किलोमीटरवर झोपायला निघालोय, हे सांगायला जीभ रेटेना. "सातारला," नागसेनराव बोलून गेले. "जुनं काम आहे कंपनीचं."

"मग चालत कुठं चाललाय त्या गुडघ्यानं? बसा गाडीवर, स्टँडवर सोडतो."

"नको नको, रिक्षानं जातो."

"शेजारी काय मेलाय व्हय तुमचा? बसा की!"

आता कोल्हापुरात माणसाला सोडायला जाणं म्हणजे नुसतं स्टँडच्या दारात टाकून येणं नव्हे. जोतीरामने पुण्याची गाडी शोधली, खिडकीची जागा धरली, वाटेत खायला भडंगाचा पुडा आणून दिला, कंडक्टरला "आमच्या साहेबांना सातारला नीट उतरवा, गुडघ्याचा त्रास हाय" म्हणून बजावलं, आणि गाडी हलेपर्यंत खिडकीखाली हात वर करून उभा राहिला. एवढी माया बघितल्यावर आता उतरायचं कुठल्या तोंडानं? मुकाट्याने त्यांनी सातारचं तिकीट काढलं आणि गाव सुटता सुटता हायवेवरचा तावडे हॉटेलचा स्टॉप आला तसे बॅग घेऊन उठले.

"ओ पावणं, सातारा लई लांब हाय अजून!" कंडक्टर ओरडला.

"काम झालं माझं," नागसेनराव म्हणाले आणि उतरले. सगळी गाडी खिडकीतून त्यांच्याकडे बघत पुढे गेली.

हॉटेलच्या काउंटरवर संयोगिता नावाची मुलगी होती. तीच ती, काठाला बसून चहा घ्या म्हणणारी. तिने हसून स्वागत केलं, "या नागसेन सर, वाटच बघत होते," आणि आधार कार्ड मागितलं. कार्ड बघितलं आणि तिचं हसू मावळलं.

"सर, हे कोल्हापूरचं आहे."

"मग? मी कोल्हापूरचाच आहे."

"लोकल आयडीवर आम्ही खोली देत नाही, सर. फिरतीचे म्हणून मला वाटलं तुम्ही बाहेरचे."

"अहो, मी गोल्ड मेंबर आहे! सगळ्या महाराष्ट्रात तुमच्याकडे झोपलोय मी!"

"म्हणूनच सर, मॅनेजरना विचारते."

मॅनेजर उदयसिंह आतून आले. त्यांनी नागसेनरावांना वरून खालपर्यंत न्याहाळलं, बॅग बघितली, भडंगाचा पुडा बघितला, आणि एकदम आवाज खाली आणून म्हणाले, "काका, घरात काही झालंय का?"

"घरात कोण असेल तर होईल ना!"

हे उत्तर खरं होतं, पण उदयसिंहांना ते जास्तच काळजीचं वाटलं. त्यांनी सांगितलं की घरच्या कुणीतरी फोनवर 'काळजीचं कारण नाही' म्हणावं, मग बघू. नागसेनरावांनी मनालीला फोन लावला. ती मीटिंगमध्ये होती, तिने फोन कापला आणि 'नंतर करते' असा मेसेज टाकला. मग राहिली थोरली बहीण, कुरुंदवाडची तानूआक्का. तिला फोन करायचा म्हणजे विस्तवात हात घालायचा. पण घड्याळ पुढे सरकत होतं आणि उद्या गोल्ड जाणार होतं. नागसेनरावांनी नंबर दिला आणि बोलायला संयोगिताला पुढे केलं.

"नमस्कार, तानूबाई मॅडम का? तुमचे भाऊ आमच्या हॉटेलात राहायला आलेत, तर..."

पुढे तिला बोलावं लागलं नाही. पलीकडचा आवाज काउंटरवर सगळ्यांना ऐकू आला. "कोण? आमचा नागू? हाटेलात? बहीण जित्ती असताना? त्याला तितंच बसवून ठेवा, हलू देऊ नगा!"

बहीण तासाभराच्या वाटेवर असताना भावाने हॉटेलात झोपायचं, याचा आमच्याकडे एकच अर्थ होतो: बहिणीचं दार बंद झालं. तानूबाईने तो अर्थ लगेच लावला, आणि निघण्याआधी जोतीरामलाही फोन केला. नागसेनराव सोफ्यावर चोर बसवून ठेवावा तसे बसले. मधूनमधून संयोगिता पाणी विचारत होती. ती दर वेळी 'सर' म्हणत होती, तेवढाच आधार.

आधी जोतीराम आला. तो दारातूनच ओरडला, "हेच सातारा व्हय?"

"जोतीराम, ऐका तरी..."

"काय ऐकू? ह्या हातानं गाडीत बसवलं तुमाला! भडंग घिऊन दिलं! हाटेलात झोपायचं हुतं तर मला सांगायचं, माझ्या घरात काय ढेकणं हाईत?"

तेवढ्यात तानूबाई आली. सत्तरीची बाई, हातात भलामोठा डबा, शेजारच्याच्या जीपमधून धुरळा उडवत आली आणि येताच डबा काउंटरवर आपटला. "भाकरी आनि मटण हाय. ऊठ. घरला चल."

"घरला म्हंजे माझ्या," जोतीराम म्हणाला. "मी खाली राहतो त्यांच्या."

"तुमी कोण त्याला न्हेणार? मी सख्खी भन हाय!"

"सख्खी भन, मग दिवाळीपासनं एकदा तरी आलासा का?"

झालं! दोघांची अशी जुंपली की पाहुणे लिफ्टमधून उतरून परत वर जायला लागले. उदयसिंह हात जोडून मध्ये पडले. आणि ज्याच्यासाठी हे सगळं चाललं होतं त्या नागसेनरावांना कुणी काही विचारतच नव्हतं. शेवटी तानूबाईच वळली. "नाग्या, खरं सांग. असं काय हाय रं ह्या हाटेलात, जे आमच्यात न्हाय?"

नागसेनराव खोटं बोलून दमले होते. "आक्का, सकाळी फोन करतात. झोप लागली का, म्हणून विचारतात."

"आनि?"

"आणि काही नाही. एवढंच. मला दुसरं कुणी विचारत नाही."

संयोगिता उगाच कॉम्प्युटरकडे बघायला लागली. तानूबाईने पदर कमरेला खोचला, जणू आता भांडणच व्हायचं होतं, आणि मग काउंटरवर कोपर टेकून म्हणाली, "पोरी, खोली दे. आमी दोघं भनभाऊ राहतो. कोण इचारतंय ते मला बी बघायचंय."

"मॅडम, तुमचं आधार कुरुंदवाडचं आहे का?"

"मग काय मुंबईचं असंल?"

बाहेरगावचं आधार मिळालं आणि सगळं एकदम सोपं झालं. इकडे तानूबाई आधार दाखवून मोबाइल नंबर सांगत होती आणि तिकडे जोतीरामची समजूत काढण्यात नागसेनराव गुंतले होते. समजूत पटल्यावर जोतीराम खोली बघायला वर आला, गादी दाबून बघितली, चहाची किटली चालू करून बघितली, तिघांनी मिळून मटण-भाकरी खाल्ली, आणि जाताना साबणाची नवी वडी त्याने "पोरांना दावायला" म्हणून खिशात टाकली.

सकाळी नागसेनराव लवकर उठले. दाढी केली, भांग पाडला, आणि फोनशेजारी खुर्ची ओढून बसले. तानूबाई पलंगावर मांडी घालून बसली होती. फोन वाजला. नागसेनरावांनी घसा साफ करून उचलला.

"गुड मॉर्निंग सर! तानूबाई मॅडमना देता का?"

"अहो, मी नागसेन. गोल्ड मेंबर."

"हो सर, पण खोली मॅडमच्या आयडीवर आहे, त्यामुळे मुक्काम त्यांच्या खात्यावर पडलाय. काल त्यांना मेंबर करून घेतलं, आणि नव्या मेंबरला पहिल्या मुक्कामाला हा फोन असतोच. देता का त्यांना?"

म्हणजे भडंग खाल्लं, सातारचं तिकीट फाडलं, चारचौघांत शोभा झाली, आणि गोल्ड गेलं ते गेलंच! नागसेनरावांच्या डोक्यात संतापाची तिडीक उठली. त्यांनी रिसीव्हर बहिणीपुढे धरला. "घे. तुझा आहे."

"माजा?" तानूबाईने तो दोन्ही हातांनी धरला. "कोण बोलतंय? ... काय? झोप?"

पलीकडून संयोगिताने बहुतेक पुन्हा विचारलं असावं.

"लागली बाई," तानूबाई म्हणाली. आवाज कालच्या बाईचा नव्हता. "हितं लागली. घरात न्हाय लागत गं. मालक गेल्यापासनं न्हाय. पोरं दोनी पुण्याला. रातभर टीवी चालू ठेवते, नुसती माणसं बोलत्यात तेवढं बरं वाटतंय. कुणाला सांगायचं? इचारलं कुणी तर सांगायचं न्हवं का? तू इचारलीस म्हणून सांगते..."

ती बराच वेळ बोलत राहिली. संयोगिताही बिचारी ऐकत राहिली. नागसेनराव खुर्चीत बसून बहिणीकडे बघत होते. तिचे मालक जाऊन पाच वर्षं झाली होती. पाच वर्षांत त्यांनी तिला फोन केला तो भाऊबीजेला येतोय की नाही एवढं सांगायला. आपल्याला कुणी विचारत नाही याचं दुःख करत बसलेल्या ह्या शहाण्याने स्वतः कुणाला विचारलं होतं? त्यांना लाज वाटली. गोल्डचा राग कुठल्या कुठे गेला.

फोन ठेवून तानूबाईने डोळे पुसले. "गुणाची पोर हाय. परत या म्हणाली." मग नाश्त्याला जाऊन तिने हॉटेलच्या आचाऱ्याला पोह्यात मीठ कमी पडल्याचं सुनावलं आणि दुपारच्या गाडीने कुरुंदवाडला गेली. जोतीराम तिला सोडायला स्टँडवर आला होता. गाडी हलेपर्यंत तो आणि नागसेनराव दोघेही खिडकीखाली उभे होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी कळंब्याच्या फ्लॅटमध्ये नागसेनरावांनी चहा टाकायच्या आधी फोन हातात घेतला. बरीच रिंग गेली.

"आक्का, झोप लागली का?"

पलीकडे टीव्हीचा आवाज होता, तो बंद झाला.

"असं व्हय इचारायचं?" तानूबाई म्हणाली. "त्या पोरीगत इचार की. आधी गुड मारनिंग, मग मॅडम. मेंबर हाय मी."