ऐंशीव्या वर्षाचा चष्मा

मर्लिनने टेबलावरचा चष्मा उचलला आणि उलटसुलट करून पाहिला. त्याची मोडकी दांडी तंगूस, म्हणजे मासे पकडायचा नायलॉनचा दोरा, गुंडाळून सांधलेली होती. प्रयोगशाळेच्या चष्म्याला तंगूस कोण बांधील?

वय वाढतं तशी नजर कशी बदलते, याचा अभ्यास वसईच्या या प्रयोगशाळेत चाले. अंधारी खोली होती, हनुवटी टेकवली की बुबुळांची हालचाल टिपणारं यंत्र होतं; पण सगळ्यांचा लाडका होता तो परदेशी चष्मा. त्याच्या पिवळसर, धुरकट काचांतून विशीतल्या पोरालाही ऐंशीव्या वर्षासारखं दिसायचं. असा चष्मा एकच होता, आणि दुपारी पाहुणे नेमका तोच बघायला येणार होते.

काल तपासणीला आलेले पापडी गावचे सेबेस्टियन अंकल तो आपलाच समजून घालून गेले होते. दोन्ही फ्रेमी सारख्याच तपकिरी. वर मर्लिननेच त्यांच्या डोळ्यांत थेंब घालून बजावलं होतं, "अंकल, थोडा वेळ धूसर दिसेल हं, घाबरू नका." म्हणजे ते घाबरलेही नसणार.

तिने स्कूटर काढली. पापडीत घर शोधावं लागलं नाही. चार शेजारी एका फाटकाकडे तोंड करून उभे होते आणि फाटक चक्क जांभळं होतं. अंकल ब्रश घेऊन शेवटचा हात मारत होते.

"आलीस बाय? राखाडी कसा वाटतो? काल येताना दुकानातून मीच पसंत केला."

"अंकल, हा राखाडी नाही. आणि हा चष्मा तुमचा नाही."

अंकलनी तो काढून तिने आणलेला स्वतःचा चष्मा चढवला, फाटक पाहिलं आणि छातीवर क्रूस काढला. "क्लेमेंटीन! तू सकालपासून बघतेस, बोलली का नाय?"

क्लेमेंटीन आंटी बाहेर आल्या. घरात असूनही केसांत अबोली होती. "कशाला बोलू? काल आल्या आल्या म्हनाले, तुज्या तोंडावर एक सुरकुती नाय गो! लग्नानंतर पयल्यांदा काय चांगलं बोलले. मग फाटक कसलं का रंगवंनात!" आणि त्यांनी अंकलच्या हातातला प्रयोगशाळेचा चष्मा पटकन काढून घेतला. "ह्यो मी देनार नाय."

"आंटी, माझी नोकरी जाईल हो!"

"मग ह्यांना आता सोताच्या चष्म्यातून बगून बोलू दे. चांगलं बोलले तर घेऊन जा."

शेजारी फाटक सोडून अंकलकडे बघू लागले. अंकल बायकोकडे बघत राहिले. मर्लिनने मनातल्या मनात प्रार्थना सुरू केली.

"सुरकुत्या हायेत," अंकल म्हणाले.

मर्लिनने डोळे मिटले.

"लय हायेत. पन काल त्या धुरकटात तुजं हसू दिसत नव्हतं. आता दिसतंय."

आंटी लाजल्या. चष्मा मर्लिनच्या हातात देता देता थांबल्या, क्षणभर स्वतःच्या नाकावर चढवला आणि नवऱ्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"अगो बाय," त्या म्हणाल्या, "हे पन काय वायट नाय दिसत!"