मुलगी पाहायला गेलो आणि मासे मागितले

इंग्रजीत आपली आवडनिवड सांगावी तर आम्हीच! उगीच नाही म्हणत. नागभीडच्या शाळेत 'प्रिफर'नंतर 'टू'ऐवजी 'दॅन' लावलं की मास्तर छडी हाणायचे. ती खाऊन खाऊन माझं इंग्रजी इतकं पक्कं झालं, की झोपेत विचारा, 'टू'च निघेल!

अशा तयारीनिशी मी बाबांबरोबर मुलगी पाहायला गेलो. मुलगी प्रेमिला. वडील केवळराम, धानाचे शेतकरी. काका घनश्याम मात्र चांद्याला इंग्रजीचे मास्तर! पोरगा मॅट्रिक म्हटल्यावर ते परीक्षा घेणार, हे ठरलेलंच.

प्रेमिला चहा घेऊन आली. मी वर पाहिलं आणि संपलोच! हीच पाहिजे, दुसरी नको, असं छाती धडधडून सांगायला लागली. तेवढ्यात काकांनी विचारलं, "टी ऑर मिल्क?"

"आय प्रिफर मिल्क टू टी!"

"करेक्ट!" काका खूश.

"काय म्हणते पोरगा?" केवळरामांनी विचारलं.

"चहा नाई, दूध पाह्यजे म्हणते."

झालं! हातातला कप गेला. गाय रानात चरायला गेलेली, तिच्यामागे दोन माणसं पळाली. अहो, मला फक्त व्याकरण दाखवायचं होतं! पण बाबा ऐटीत मिशी पिळत होते, त्यांचा तोरा कसा मोडू?

"फिश ऑर मटन?"

आतून रश्श्याचा असा वास येत होता की जीव कासावीस! पण शाळेत घोटलेलं वाक्य होतं माशांचं. चुकायला नको म्हणून ठणकावलं, "आय प्रिफर फिश टू मटन!"

"करेक्ट! दादा, पाहुण्याले मासे पाह्यजे!"

घरात एकच धांदल! मटनाचा गंज चुलीवरून उतरला. जावई व्हायच्या आधीच रुसायला नको, म्हणून केवळराम स्वतः जाळं घेऊन तलावावर गेले, अन् त्यांच्यामागे अर्धं गाव! बाबा माझ्या कानाशी लागले, "घरी तं हाडं चोखून चोखून खाते, अन् इथी काऊन मासे मागून राह्यला बे?"

दुपार कलली. पोटात कावळे ओरडून थकले. केवळराम परतले ते गुडघाभर चिखलात, जाळ्यात नुसतं शेवाळ. तरी तो भला माणूस हसून मला म्हणाला, "मासे काई भेटले नाई, भाऊ. पण पोरगी पसंत आहे का, तेवढं सांगा."

आता आमच्याकडची रीत अशी, की पोरानं स्वतः 'हो' म्हणायचं नसतं. मी शहाण्यासारखी मान खाली घातली. "मोठे म्हणतील तसं."

दाराआडून प्रेमिला कडाडली, "बाबा, दुधावर याचं मत आहे, माशावर मत आहे, अन् माह्यावर नाई? हा पोरगा नको मले!"

बाबांनी निघायला टोपी उचलली. इतका वेळ बडबडणारं माझं इंग्रजी कुठं पळालं कोण जाणे! मी ताडकन उठलो आणि ओरडलो, "मले प्रेमिलाच पाह्यजे! बाबा नाई म्हणाले तरी पाह्यजे!"

बाबा लालबुंद. मग दाराआडून खुदकन हसू आलं.

"बाबा, बसवा त्याहीले जेवाले. मटन चालते का, इचारा."

काका उत्साहानं पुढे सरकले, "डू यू प्रिफर..."

"काईबी चालते काका!" मी त्यांचे पायच धरले. "फक्त मराठीत वाढा!"