जागचा न हलणारा खेळाडू

रविवारच्या सामन्यात आपण खेळणार आहोत, बाकावर बसणार नाही, असं खुंट्याने जेवताजेवता मुलीला सांगून टाकलं आणि घास त्याच्याच घशात अडकला. आमच्या पाणीपुरवठा कार्यालयाच्या बास्केटबॉल संघात तो अख्खा हंगाम होता खरा, पण पाण्याच्या बाटल्या आणि इतरांचे चष्मे सांभाळायला. मुलगी मात्र कॉलेजच्या संघाची कर्णधार. घरी ती चेंडू खेळवायची तेव्हा बापाला फक्त लांब गेलेला चेंडू आणून द्यायची परवानगी होती.

"तू? खेळणार?" मुलीच्या हातातला चमचा तसाच हवेत राहिला. "मग मी येतेच बघायला. मैत्रिणींनाही आणते."

झालं! आता माघार घेणं म्हणजे मुलीच्या नजरेतून कायमचं उतरणं. खुंट्याला रात्रभर डोळा लागला नाही.

सरावाला वसुली विभागाचे साहेब नवाच मंत्र घेऊन आले. हेच संघाचे प्रशिक्षक. ते कुठल्याशा शिबिराला जाऊन आले होते आणि तिथून आलेला माणूस आठवडाभर तरी कुणाच्या आवाक्यात राहत नाही.

"आजपासून उणिवा विसरा!" साहेब गरजले. "ज्याचं जे बळ असेल ते वाढवा. बाकी सगळं सोडून द्या!"

लोकांनी साहेबांचा शब्द झेलला आणि बाकी सगळं खरोखरच सोडून दिलं. फिटरचा नेम चांगला, म्हणून त्याने धावणं बंद केलं आणि मैदानाच्या मध्यावरून चेंडू भिरकावू लागला. टंकलेखकाची बोटं चपळ, तो एकाच जागी खाली मान घालून चेंडू आपटत राहिला. स्टोअरकीपरचं बळ म्हणजे हाती आलेली वस्तू न सोडणं. त्याने चेंडू पोटाशी धरला आणि आपल्याच माणसाने मागितला तेव्हा "कुणाच्या परवानगीने?" असं विचारलं.

"वा!" साहेब म्हणाले. "आणि खुंट्या, तुझं बळ काय?"

फिटरने आभाळाकडे पाहिलं. स्टोअरकीपरने चेंडू आणखी घट्ट धरला.

"रविवारपर्यंत शोधून आण," साहेब म्हणाले. "नाहीतर बाटल्या आहेतच."

तोंड पाडून घरी आलेल्या नवऱ्याला बायकोने एका वाक्यात उत्तर दिलं. "अहो, तुम्ही हलत नाही, हेच तुमचं बळ. गेली इतकी वर्षं तक्रारखिडकीत बसताय. लोक रिकाम्या बादल्या आपटतात, आईबापाचा उद्धार करतात. तुमची पापणी तरी लवते का? मी साधा पंखा पुसायला सांगितला तरी लवत नाही!"

खुंटा चिडणार होता, तेवढ्यात मुलगी ताडकन उठली. "आई, अगं, हे खेळात चालतं! समोरचा अंगावर यायच्या आधी बाबा पाय रोवून उभा असेल आणि तो येऊन धडकला, तर फाउल त्या धडकणाऱ्याचा!"

"म्हणजे मी नुसतं उभं राहायचं?"

"नुसतं उभं राहायचं."

अशी गोष्ट आपल्याला आयुष्यात कुणी शिकवली नव्हती, उलट तिच्याबद्दल नेहमी बोलणीच खावी लागली, हे आठवून खुंट्याचा ऊर भरून आला. त्या क्षणापासून तो घरभर उभा राहू लागला. न्हाणीघराच्या दाराशी, जिन्याच्या वळणावर, कपाटापुढे. बायको धुण्यासकट येऊन आदळली. शेजारचे काका वर्तमानपत्र परत द्यायला आले आणि उंबऱ्यातच आपटले. शेवटी मुक्कामाला आलेल्या सासूबाई दुधाचं पातेलं घेऊन स्वयंपाकघरातून निघाल्या, त्या थेट जावयाच्या छातीवर. दूध त्याच्या डोक्यापासून पायापर्यंत ओघळलं.

"फाउल तुमचा, आई," खुंटा नम्रपणे म्हणाला.

सासूबाईंनी लेकीला आत बोलावून जावयाला डॉक्टरकडे नेण्याबद्दल विचारलं.

रविवारी सामना होता वीज कार्यालयाशी. त्यांचा लाइनमन दाराएवढा उंच आणि दाराएवढाच रुंद. चेंडू मिळताच तो सुसाट निघाला. आमचे सगळे वाटेतून पांगले. खुंटा बास्केटपुढे पाय रोवून उभा होता. डोळे मिटून घ्यावेत असं त्याला फार वाटलं, पण गॅलरीत मुलगी होती.

धाड! खुंटा मैदान पुसत भिंतीपर्यंत गेला. शिट्टी वाजली.

"फाउल! लाइनमन!" पंच म्हणाले.

"माझा?" लाइनमन किंचाळला. "अहो, हा बाबा तर हललापण नाही!"

"म्हणूनच," पंच म्हणाले.

साहेबांचा आ वासलेला तसाच राहिला. असं काही होईल हे त्यांच्या शिबिरातही कुणी सांगितलं नव्हतं. पुढे तर ते थक्क होऊन खालीच बसले. लाइनमन चिडून पुन्हापुन्हा धडकला आणि फाउलची मर्यादा संपून बाहेर गेला. त्याचा सूड घ्यायला आलेला ड्रायव्हर गेला. मग त्यांचा कर्णधार स्वतः. प्रत्येक वेळी खुंटा उठायचा, बरगड्या चाचपायचा आणि तक्रारखिडकी उघडल्यासारखा पुन्हा उभा राहायचा. गॅलरीत मुलीच्या मैत्रिणी आधी हबकल्या, मग बाकावर चढून ओरडू लागल्या. मधल्या वेळात फिटरचे लांबचे नेमही लागत गेले. सामना संपत आला तेव्हा आम्ही एका गुणाने पुढे होतो!

वीजवाल्यांकडे शेवटचा एकच राखीव उरला होता. मीटर वाचणारे गृहस्थ, पन्नाशीचे, अंगाने काडी. त्यांना हातात चेंडू आला की धाप लागायची. त्यांना पाहून आमचा स्टोअरकीपर खो-खो हसला आणि हसण्याच्या नादात जन्मात पहिल्यांदा हातची वस्तू सोडून बसला. चेंडू मीटरवाल्यांकडे घरंगळत गेला.

ते धावले नाहीत. चालतच बास्केटकडे आले. खुंटा आडवा उभा. सगळं मैदान श्वास रोखून पाहत होतं. मीटरवाले खुंट्यापुढे थांबले, किंचित वाकले आणि गोड आवाजात म्हणाले, "जरा बाजूला होता का साहेब? एकच मिनिट. मीटर बघून लगेच निघतो."

"हो हो, या ना," खुंटा म्हणाला आणि बाजूला झाला.

चेंडू आत पडला. शिट्टी वाजली. सामना संपला होता.

सगळ्यात मोठा धक्का बसला होता खुद्द खुंट्याला. आपल्या पायांकडे तो असा बघत होता, जणू ते परक्याचे आहेत. मीटरवाल्यांचं तरी काय वेगळं! त्यांना जिंकणाऱ्यांनी खांद्यावर घेतलं, तरी ते "अहो, पायपुसण्यावर पाय पुसलेले नाहीत" असं म्हणत होते. दारं उघडून घेण्यातच त्यांचं आयुष्य गेलेलं.

"त्याने शिवी दिली असती तर मी हललो नसतो, साहेब," खुंटा पुटपुटला. "एवढ्या वर्षांत माझ्याशी इतकं गोड कुणी बोललंच नाही हो."

पाण्याच्या बाटल्या साहेबांनी स्वतःच उचलल्या.

गॅलरीकडे बघायची खुंट्याला हिंमत होईना. शेवटी बघितलं, तर मुलगी तिथे नव्हतीच. निघून गेली असणार, लाज वाटून! मग ती दिसली. मैदानाच्या पलीकडे मीटरवाल्यांना गाठून ती काहीतरी विचारत होती आणि ते वाकून, हात जोडून, तिला करून दाखवत होते. घरचं माणूस फितूर व्हावं तसा खुंट्याला धक्का बसला.

मैदान रिकामं झाल्यावर ती चेंडू घेऊन आली.

"बाबा, बरगड्या ठीक आहेत?"

"आहेत." तो मान खाली घालून म्हणाला. "हरवलं ना मी?"

"ते जाऊ दे. तू तिकडे बास्केटखाली उभा राहा. मी येणार, आणि तू अजिबात हलायचं नाहीस."

"माझ्याशी खेळणार तू?"

"मग काय! आमच्या अख्ख्या संघात तुझ्यासारखं उभं राहणारं कुणी नाहीये."

खुंटा धावतच जागेवर गेला. पाय रोवले, छाती पुढे काढली. मुलगी चेंडू आपटत आली, थांबली, किंचित वाकली आणि मधाळ आवाजात म्हणाली, "जरा बाजूला होता का, बाबा?"

त्याने ओठ घट्ट मिटले. मुठी आवळल्या. आणि बाजूला झाला.