धोंडूआबांचा भुंगेरा

घरी स्थळ येणार असेल, तर आमच्या औंढ्यात आधी धोंडूआबांना कुठेतरी लांब पाठवतात. आबा माणूस बघत नाहीत, त्याच्यातला किडा बघतात.

त्यांच्या मते जगात दोनच जाती. एक खंडोबाचा किडा. हिरवा, लांब मानेचा. वालाच्या वेलावर हात जोडून बसतो आणि माशी जवळ आली की झडप घालतो. दुसरा काळा भुंगेरा. दिवसा दगडाखाली असतो, अंधार पडला की अळ्यांमागे पळत सुटतो.

"खात्यात दोगंबी," आबा म्हणतात. "यक बसून, यक पळून."

माझ्या नातीला बघायला कुसगावचा मुलगा आला होता. बिचारा हात जुळवून गप्प बसला होता. शेजारी म्हणून आलेले आबा म्हणाले, "पोरी, ह्यो खंडोबाचा किडा. बसून खाईल." पोहे तसेच राहिले, पाव्हणे उठले. पुढे त्या मुलाने नोकरी सोडल्याचं कानावर आलं, पण ते मी आबांना मुद्दाम सांगितलं नाही.

आबा स्वतः बसणारे. त्यांची बायको पारू पळणारी. गोठा, रान, लोणावळ्याला दूध घालणं, सगळं तिनेच केलं. आबा ओट्यावरून ओरडायचे, "माजा भुंगेरा बगा, कसा पळतोय!" ती हसायची. मला त्या हसण्याची चीड यायची. गेल्या साली ती गोठ्यात पडली ती उठलीच नाही. हे ओट्यावर चहाची वाट बघत होते.

पुढे तिच्या धुण्याच्या दगडाखाली एक भुंगेरा राहायला आला. ओल गेली तर तोही जाईल, म्हणून आबा रोज संध्याकाळी दगडावर तांब्याभर पाणी ओतू लागले.

यंदा त्यांच्या मुलाने सुट्टीच्या पाहुण्यांना खोल्या द्यायचं ठरवलं. गाड्या लावायला अंगणभर कोबा होणार होता. आदल्या दिवशी आबा ढकलगाडीवर तो दगड घालून माझ्या दारात उभे. उभ्या जन्मात त्यांना घाम आलेला मी तेव्हा पहिल्यांदा बघितला. हातात झाकण लावलेला तांब्या, तांब्यात भुंगेरा.

"वयनी, ह्येला हितं ठिवू का?"

"ठिवा. पर पाणी तुमी घालायचं. मी न्हाई घालणार."

"व्हय, व्हय."

तिसऱ्या दिवशी झाडताना मी दगड कलता केला. खाली काही नव्हतं.

आबा अजून रोज येतात. पाणी ओततात. दगड उचलून बघायचा त्यांना धीर होत नाही, मलाच विचारतात, "हाय न्हवं?"

मी तोंडावर बोलणारी बाई, सगळा गाव ओळखतो.

"हाय," मी म्हणते. "लय पळतोय."