आमेनच्या आधी नाडी

आमच्या चर्चमध्ये शेकडो माणसं डोळे मिटून प्रार्थना करतात, तेव्हा एक बाई डोळे टक्क उघडे ठेवून खुर्च्यांमधून फिरते आणि लोकांच्या नाड्या पाहते. ही रूथ सिस्टर, निवृत्त नर्स. सत्तरी केव्हाच ओलांडलेली, पांढरी साडी, पायात कॅनव्हासचे बूट. कोणी दोन्ही हात वर करून रडत असलं की ही त्यातला एक हात खाली ओढते, मनगट धरते आणि कानात सांगते, "बीपी वाढून राह्यला तुहा. आमेन मंग म्हणजो, आधी मीठ कमी कर."

डोळे का मिटत नाही, असं मी एकदा विचारलं. म्हणाली, "जलमभर रातपाळी केली मी. डोये मिटले का पेशंट जाते."

मी शाळेत मास्तर आहे, डोक्यावरचे केस गेलेत, तरी ती मला चारचौघांत "ए पोट्ट्या" म्हणते. तो तिचा हक्कच आहे. आर्णी रस्त्यावरच्या आमच्या गावात मिशनचा लहानसा दवाखाना होता, बाळंतपणासाठी नावाजलेला. चाळिशीपुढचं अर्धं गाव तिथं तिच्या हातावर जन्मलं. हिंदू, मुसलमान, गोंड, कोलाम, सगळेच. शेजारी कौलारू चर्च होतं, पन्नास माणसांत भरून जाणारं.

मग पास्टरसाहेब आले. आधी दवाखान्याला डॉक्टर मिळेनासा झाला, मग तो तोट्यात आहे असं आमच्या कानावर आलं, मग कमिटीनं दार लावून कसलेसे कागद केले आणि दवाखाना पडला. चर्चही पडलं. त्या जागेवर एसीचं सभागृह उभं राहिलं. जिथं आजारी माणसं बाकावर बसायची, तिथं भिंतीएवढा पडदा लागला आणि त्यावर रोगमुक्तीच्या जाहिराती सुरू झाल्या. दवाखाना पाडायचा आणि त्याच जागेवर रोगमुक्ती विकायची, याला काय म्हणावं? मी शिक्षक आहे म्हणून शिवी गिळतो. पुढच्या दोन रांगांत सोफे, त्यांवर कमाईचा दहावा हिस्सा, म्हणजे दशमांश, भरघोस देणारे. पोडावरून, म्हणजे त्यांच्या पाड्यावरून, आलेल्या कोलाम बाया मागं, चपलांपाशी. अभिषेकाचं तेल लहान-मोठ्या बाटल्यांत मिळायचं. सिस्टरनं एक बाटली उघडून हुंगली आणि विकणाऱ्या बाईला परत दिली. "खोबऱ्याचं हाय. केसाले बरं."

साहेबांना कुठूनशी मानाची डॉक्टरकी मिळाली. हारतुरे झाले. सिस्टरनंही हात जोडले. "लय चांगलं झालं. मंग मंगळवारपासून पेशंट पाहता का?"

ती कापसाची वाईट वर्षं होती. बोंडअळीनं बोंडं आतून पोखरलेली, बाजारात भाव नाही. आणि साहेब माइकवरून ओरडायचे, "देवाच्या शेतात अर्पणाचं बियाणं पेरा, शंभरपट उगवेल!" सिस्टर मागून तितक्याच मोठ्यानं विचारायची, "अन नाही उगवलं तं? कृषी केंद्रवाला निदान पावती तं देते!" लोक पोटभर हसायचे, आणि हसून झालं की अर्पणाचं पाकीट पेटीत टाकायचे. मीही टाकायचो. लपवण्यात काय अर्थ आहे?

फवारणीच्या दिवसांतला एक रविवार. आरोग्यसभा होती. लक्ष्मण आत्राम नावाच्या मजुराला त्याच्या बायकोनं धरून आणलं. दोन दिवस डोक्याइतक्या उंच कपाशीत त्यानं औषध फवारलं होतं, अंगात तेच भिजलेलं शर्ट होतं. दवाखाना सोडून ती इथं आली, कारण 'दवाखाना सोडा, इथं या' असं आरोग्यसभेच्या फलकावर आम्हीच छापलं होतं. साहेबांनी त्याला मंचावर घेतलं, कपाळावर तेल लावलं, डोक्यावर हात ठेवला. लक्ष्मण थरथर कापू लागला. घामाच्या धारा, तोंडातून लाळ. आता आमच्याकडे पवित्र आत्मा उतरला की माणसं अशीच कापतात, कोसळतात. दर रविवारी पाहून आम्हाला ते पाठ झालेलं. "अग्नी उतरतोय!" साहेब गरजले. कीबोर्डवाल्यानं सूर चढवला. माणूस विषानं मरत होता आणि सगळं सभागृह टाळ्या पिटत होतं. माझे हातही त्यात होते. आजही ते आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावंसं वाटतं.

सिस्टर मंचावर चढली. लक्ष्मणची पापणी तिनं वर केली. "डोयातली बाहुली टाचणीएवढी झाली याची. आत्मा नाही, फवारा चढला याले! बंद करा तो बाजा!"

साहेबांनी माइकवर हात ठेवला. "सिस्टर, विश्वास ठेवा. लाइव्ह चालू आहे."

"लाइव्ह घाला चुलीत!"

तिनं लक्ष्मणचं शर्ट टराटरा फाडलं आणि पिण्याच्या पाण्याचा कॅन त्याच्या अंगावर उपडा केला. मंचावरच्या लाल गालिच्यावर तिनं त्याला साबणानं घासून धुतलं. साहेबांची गाडी दारातच होती. ड्रायव्हर म्हणाला, दुपारी साहेबांची कळंबला सभा आहे, गाडी देता येत नाही. सिस्टरनं माझ्याकडे पाहिलं. "टाळ्या झाल्या असतीन तं फटफटी काढ, पोट्ट्या."

मी पुढं, मध्ये लक्ष्मण, मागं त्याला कवटाळून सिस्टर. यवतमाळचा सरकारी दवाखाना येईपर्यंत ती एकच ओरडत होती, "लक्ष्मण, झोपू नको बापा, झोपू नको!"

तो वाचला. बरेच दिवस भरती होता. चर्चमधून एक माणूस त्याला पाहायला गेला नाही.

आणि दवाखान्यातून सुट्टी झाल्यावरच्या रविवारी तो मंचावर होता. नवं शर्ट, मागच्या पडद्यावर त्याचा भलामोठा फोटो. जमिनीकडे पाहत त्यानं साक्ष दिली, "साहेबाच्या प्रार्थनेनं मी विषातून उठलो." टाळ्यांचा कडकडाट झाला. माझं डोकं फिरलं. मी ताडकन उठलो, तर सिस्टरनं सदरा धरून मला खाली बसवलं.

सभा सुटल्यावर गाड्यांच्या जागेत मी तिला गाठलं. "काहून बसवलं मले? केसपेपर तुमच्यापाशी आहे! साऱ्यायसमोर उघडं पाडलं असतं त्यायले."

"त्याच्या घरी धान्य पोचवून राह्यले ते. कामावर जाची ताकद नाही त्याले अजून. तुह्या रागापायी त्याच्या लेकरायचं ताट ओढू? अन दर रविवारी इथं आणतीन त्याले, तं मले नाडी तं पाह्यता येईन त्याची."

"मग तुम्ही तरी सोडा हे चर्च. कळंबच्या चर्चची माणसं किती वेळा बोलावतात तुम्हाला."

"अन ह्यायले कोण पाह्यन?"

मी इकडंतिकडं पाहिलं. कोणी नव्हतं. जमिनीवर बसवलेले सिमेंटचे गट्टू आणि गाड्या. ती गट्टूंकडे पाहत होती.

आता गाड्या लागतात तिथं, जुन्या दवाखान्यामागं, कडुलिंबाचं झाड होतं. जी लेकरं जन्मली पण रडली नाहीत, ती त्याखाली पुरलेली. गाव लांब, नाल्याला पूर, बाप म्हणायचा, सिस्टर, तुम्हीच करा. ती करायची. एकटी, स्वतःच्या हातानं. लग्न केलं नाही, घरी कोणी नाही. हेच तिचं गणगोत.

"इथं लक्ष्मणची मोठी बहीण," ती म्हणाली. "तवा त्याची माय माह्या मांडीवर डोकं ठेवून रडली. तिले म्हटलं, पुढचं जितं घेऊन जाशीन. तं लक्ष्मण देला तिले. ती गेली, पण शब्द तं माह्यापाशीच राह्यला ना?"

"साहेबांना सांगितलं होतं? गट्टू बसवायच्या आधी?"

"सांगितलं. म्हणे, नोंद दाखवा."

 तीच बोटानं दाखवत गेली. "कमळा. तिकडं दाऊद. शिरपत. हे दोघं जुळे. नावं म्याच ठेवली. बिननावाचं लेकरू देवाघरी कसं धाडाव?"

एवढ्यात एक लांबलचक गाडी आत वळली. वॉचमननं शिट्टी मारली. "सिस्टर, बाजूले व्हा, पुढच्या रांगेवाल्यायची गाडी आहे." भर सभेत मंचावर चढलेली ही बाई मुकाट्यानं बाजूला झाली. दर रविवारी होत असावी. तेवढं मात्र मला सहन झालं नाही. मी गाडीपुढं जाऊन उभा राहिलो.

"दुसरीकडं लाव बाप्पा," मी म्हटलं. "इथं लेकरं झोपली आहे."