दाजींचं चुरचुरलं

आमचे दाजी बोलता बोलता मधेच हात वर करतात अन् म्हणतात, "थांबा. चुरचुरलं." मग समोर गिऱ्हाईक असो, सोयरा असो की सरपंच, सगळ्यांनी गप्प बसायचं. दाजींच्या खालच्या ओठाचा डावा कोपरा चुरचुरलेला असतो.

दाजी म्हणजे माझ्या अक्काचे मालक. नांदूरघाटला त्यांचं खता-बियाण्यांचं दुकान आहे. अधूनमधून त्यांचा ओठ उततो, बारीक फोडांचा घोसच येतो. गल्लीतल्या म्हाताऱ्या म्हणायच्या, "झोपंत पाल चाटली आसंल." दाजी म्हणायचे, "पालीला दुसरा धंदा न्हाई का?" शेवटी डॉक्टरांनी सांगितलं, हा हर्पीस. त्याचा विषाणू अंगात झोपून राहतो अन् ऊन, जागरण, डोक्याला ताप झाला की उठतो. चुरचुरलं की लगेच औषध सुरू करायचं. एवढं ऐकलं अन् दाजींमधला दुकानदार जागा झाला.

"आरं, ही बोंडअळीच हाय," ते मला समजावतात. "अळी मोठी झाल्यावर फवारून काय उपेग? अंडी हायेत तवरच गाठायची."

तेव्हापासून मलम अन् गोळ्या कायम सदऱ्याच्या खिशात. चुरचुरलं की आधी हात धुवायचे, मग कापसाच्या बोळ्यानं मलम, बोट लागता कामा नये. टॉवेल वेगळा, पेला वेगळा. उन्हात जाताना ओठावर रुमाल. अन् भर दुपारी दुकानाचं शटर ओढून झोप, गिऱ्हाईक बसंना का बाहेर! अक्का म्हणते, "माज्या बाळंतपणात इतकी सेवा न्हाई केली ह्या माणसानं."

सिरसाळ्याला माझ्या चुलतभावाच्या लग्नात वरात ऐन रंगात आली अन् ह्यांचं चुरचुरलं. तडक रसवंती गाठली. "रस नको बे, निसता बर्फ दे." रुमालात बर्फ गुंडाळून, थोबाड धरून दाजी बाकड्यावर बसले. इकडं मांडवात बातमी पोचली की अक्कानं नवऱ्याला हाणलं. व्याही समजूत घालायला धावले. अक्कानं कुणालाच खरं सांगितलं नाही. त्या दिवशी बायकांत तिचा मान लई वाढला.

असं सगळं हसण्यावारी चाललं होतं. मग दाजींची एकुलती लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. मुलगी झाली. दवाखान्यातून बाळ घरी आलं त्याच दिवशी दाजी ओसरीवर थबकले. "चुरचुरलं," म्हणाले. आम्ही सगळे खो खो हसलो.

पण बारशाच्या दिवसापर्यंत त्यांनी नातीला हात लावला नाही. जेवण ओसरीत, झोपणं दुकानात. बायका कुजबुजायला लागल्या, मुलगी झाली म्हणून म्हाताऱ्याचं तोंड उतरलंय. ते पोरीच्या कानावर गेलंच. बारशाला पाळण्यापाशी बसून, सगळ्यांदेखत तिनं विचारलं, "आप्पा, तुमच्या ओठावर तर काईच दिसंना. माजी लेक कावून घेत न्हाई तुमी?"

खरंच ओठ साफ होता. औषध वेळेवर गेल्यानं एकही फोड उठला नव्हता, अन् तेच नडलं.

दाजी उंबऱ्याबाहेर उभे होते. "डॉक्टरला पुन्यांदा जाऊन इचारलं, बाई," ते म्हणाले. "माजं ओठावर भागतं. इतक्या बारक्या लेकराला ह्याची लागण झाली तर जिवावर बेततं. फोड दिसंना म्हणून मी कसा भरवसा धरू? तू रुस, गाव काय म्हणायचं ते म्हणू दे. डॉक्टर हो म्हणंस्तवर मी आत येणार न्हाई."

पोरगी पदरानं डोळे पुसत राहिली. मला तर आमच्या खो खो हसण्याची लाज वाटली.

जरा वेळानं दाजींनी मला खुणावलं. "तू मामा हायस तिच्या आईचा. वाकून तिच्या टाळूचा वास घे अन् मला सांग."

मी हात धुतले, वाकलो, वास घेतला. "दुधाचा येतो, दाजी. अन् जरासा धुरीचा."

दाजींनी डोळे मिटले. "आजून एकदा घे," म्हणाले. "सावकाश."